फेनवे पार्क

फेनवे पार्क : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅचूसेट्स राज्याची राजधानी बॉस्टन येथील एक प्रसिद्ध बेसबॉल क्रीडागार. ‘अमेरिकन लीग’ या संघसमूहातील ‘बॉस्टन रेड सॉक्स’ ह्या व्यावसायिक संघाचे हे घरचे मैदान. २० एप्रिल १९१२ रोजी ते अधिकृत रीत्या खुले झाले. प्रमुख व्यावसायिक संघांच्या वापरात असलेल्या बेसबॉल क्रीडागारांत ते सर्वांत जुने होय. त्यानंतरचे क्रीडागार म्हणजे शिकागो येथील रिग्ली फील्ड (१९१४). आकाराने लहान, आखणीत वेडेवाकडे आणि सोयींच्या दृष्टीने अपुरे असूनही फेनवे पार्क शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिले. त्याच्या या वैगुण्यांतूनच त्याची वैशिष्ट्ये निर्माण झाली, हा त्याच्या इतिहासाचा विशेष होय.

स्थान व नाव : बॉस्टनच्या केनमोर चौकाच्या दक्षिणेस, जर्सी स्ट्रीट, ब्रुकलाइन ॲव्हेन्यू, लॅन्सडाउन स्ट्रीट, इप्सविच स्ट्रीट व व्हॅन नेस स्ट्रीट या रस्त्यांनी वेढलेल्या असमभुज भूखंडावर हे क्रीडागार उभे आहे. ‘फेन’ म्हणजे दलदल. या भागात पूर्वी खाजण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या भूदृश्यशिल्पज्ञाच्या योजनेनुसार त्या खाजणाचे ‘बॅक बे फेन्स’ या सार्वजनिक उद्यानात रूपांतर करण्यात आले. या परिसरास फेनवे हे नाव पडले व त्यावरून क्रीडागाराचे नामकरण झाले. संघाचा तत्कालीन मालक जॉन आय. टेलर याच्या कुटुंबाचा याच परिसरातील जमिनींच्या व्यवहारात हितसंबंध होता. त्यामुळे हे नाव जाहिरातीच्या दृष्टीनेही त्यास सोयीचे होते.

उभारणी : रेड सॉक्स संघ १९०१ पासून हंटिंग्टन ॲव्हेन्यू मैदानावर खेळत असे. व्यावसायिक बेसबॉलची ‘वर्ल्ड सिरीज’ ही अंतिम विजेतेपदाची पहिली आधुनिक मालिका १९०३ मध्ये याच मैदानावर सुरू झाली. तेथील प्रेक्षागार लाकडी होते व जमीन भाड्याची होती. लाकडी प्रेक्षागारांना वारंवार आगी लागत. म्हणून १९०९ पासून फिलाडेल्फियाचे शाइब पार्क व पिट्सबर्गचे फोर्ब्झ फील्ड यांच्या धर्तीवर पोलाद व काँक्रीट यांची कायमस्वरूपी क्रीडागारे बांधण्याचा प्रघात पडला. फेनवे पार्क हे त्याच पिढीतील होय. जेम्स ई. मॅक्लॉक्लिन हा त्याचा वास्तुशिल्पज्ञ व चार्ल्स लोग हा कंत्राटदार होता. २५ सप्टेंबर १९११ रोजी खोदकामास आरंभ झाला व अवघ्या सात महिन्यांत मैदान खेळण्यायोग्य झाले. बांधकामास सु. साडेसहा लक्ष डॉलर खर्च आला. जुन्या मैदानावरील हिरवळ खणून आणून ती नव्या मैदानाच्या आतल्या भागात लावण्यात आली. जर्सी स्ट्रीटवरील लाल विटांचा दर्शनी भाग मूळ बांधकामापैकी असून आसपासच्या वखारींशी व घरांशी तो मिळताजुळता आहे.

९ एप्रिल १९१२ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठाच्या संघाविरुद्ध येथे पहिला, सरावाचा सामना झाला. अधिकृत पहिला सामना पावसामुळे लांबणीवर पडला व २० एप्रिल रोजी न्यूयॉर्कच्या ‘हायलँडर्स’ संघाविरुद्ध (नंतरचा ‘यांकीज’ संघ) खेळला गेला. अकरा डावांपर्यंत लांबलेला हा सामना रेड सॉक्सने ७–६ असा जिंकला. पहिला चेंडू टाकण्याचा मान बॉस्टनचा महापौर जॉन एफ. फिट्सजेरल्ड याला मिळाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन एफ. केनेडी हे त्याचे नातू होत. पाचच दिवसांपूर्वी ‘टायटॅनिक’ जहाज बुडाले होते. त्या बातम्यांपुढे या उद्‌घाटनाची वृत्तपत्रांत फारशी दखल घेतली गेली नाही. त्याच दिवशी डिट्रॉइट येथे नॅव्हिन फील्ड हे क्रीडागारही खुले झाले. ते पुढे ‘टायगर स्टेडियम’ या नावाने प्रसिद्धीस आले. तेथील शेवटचा व्यावसायिक सामना १९९९ मध्ये झाला व नंतर ते पाडण्यात आले.

मैदानाची रचना : बेसबॉलच्या मैदानाचा आतला भाग सर्वत्र सारखाच, म्हणजे २७·४३ मी. बाजूच्या चौरसाचा असतो. चौरसाच्या एका कोपऱ्यातील ‘होम प्लेट’पासून निघणाऱ्या दोन सीमारेषांमध्ये पडलेला चेंडूच खेळात ग्राह्य धरला जातो. तो या रेषांमधून सरळ कुंपणापलीकडे गेल्यास ‘होम रन’ होतो. कुंपण किती अंतरावर व किती उंचीचे असावे याचे बंधन पूर्वी नव्हते. ते भूखंडाच्या आकारावरून ठरे. त्यामुळे क्रिकेटमध्ये ज्याप्रमाणे खेळपट्टीच्या गुणधर्मांचा खेळावर परिणाम होतो, त्याप्रमाणे बेसबॉलमध्ये तो मैदानाच्या बाह्य आकाराचा होतो [⟶ बेसबॉल]. १ जून १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांवर सीमारेषांलगतचे कुंपण किमान ९९ मी. व मधले कुंपण किमान १२२ मी. अंतरावर असावे, असा नियम झाला. जुनी मैदाने त्यातून वगळण्यात आली. फेनवे पार्कच्या रचनेला अभय मिळाले, ते या सवलतीमुळे.

येथील डाव्या सीमारेषेची लांबी केवळ ९४·५ मी. व उजव्या सीमारेषेची ९२ मी. आहे. मध्यभागी कुंपण सु. ११८·८ मी. अंतरावर असून त्याच्या किंचित उजवीकडे ते आत वळून एक त्रिकोणी खाच तयार होते. तेथील अंतर १२८ मी. भरते. या त्रिकोणात शिरलेला चेंडू आणण्यास क्षेत्ररक्षकास वेळ लागतो व फलंदाजास तिसऱ्या टप्प्यापर्यंत धावता येते. उजव्या बाजूस कुंपण कमी उंचीचे आहे. ते सीमारेषेपासून झपाट्याने दूर वळत असल्यामुळे रेषेलगत होम रन सोपा, तर थोड्याच अंतरावर अवघड ठरतो. सीमारेषांबाहेरची मोकळी जागा अत्यल्प आहे. इतरत्र क्षेत्ररक्षकाच्या हाती लागू शकणारे उंच झेल येथे प्रेक्षकांत पडतात व फलंदाजास पुन्हा संधी मिळते.

डावी भिंत : फेनवे पार्कचे सर्वांत प्रसिद्ध अंग म्हणजे डाव्या बाजूची ‘ग्रीन मॉन्स्टर’ (हिरवा राक्षस) या नावाने ओळखली जाणारी भिंत. ती ११·३ मी. उंच व सु. ७० मी. लांब आहे. तिचा उगम सोयीतून झाला. लॅन्सडाउन स्ट्रीट व त्यापलीकडील लोहमार्ग यांमुळे मैदान त्या दिशेस वाढविणे शक्य नव्हते. चेंडू रस्त्यावर जाऊ नये व तिकीट न काढता कोणी सामना पाहू नये, म्हणून १९१२ मध्ये तेथे सु. ७·५ मी. उंचीची लाकडी भिंत उभारण्यात आली. भिंतीच्या पायथ्याशी रस्त्याच्या पातळीपर्यंत चढत जाणारा सु. ३ मी. उंचीचा मातीचा उतार होता. डफी लूइस हा क्षेत्ररक्षक या चढावर मागे पळत जाऊन झेल घेण्यात इतका तरबेज होता, की त्या उतारास ‘डफीचा कडा’ असे नाव पडले. १९३४ च्या पुनर्बांधणीत हा उतार जवळजवळ सपाट करण्यात आला आणि लाकडी भिंतीच्या जागी अधिक उंच व पत्र्याने मढविलेली भिंत आली. १९३६ मध्ये रस्त्यावरील खिडक्यांच्या संरक्षणार्थ भिंतीवर सु. ७ मी. उंचीची जाळी बसविण्यात आली. जाळीत अडकलेले चेंडू काढण्यासाठी भिंतीला जोडलेली शिडी, जाळी जाऊनही, तशीच आहे. चालू खेळात ग्राह्य असलेल्या क्षेत्रात शिडी असण्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

आरंभी ही भिंत जाहिरातींनी भरलेली असे. १९४७ मध्ये जाहिराती काढून ती हिरव्या रंगाने रंगविण्यात आली. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये फ्रेड लिन हा क्षेत्ररक्षक भिंतीवर आदळून जखमी झाला. पुढील वर्षी पत्रा काढून कठीण प्लॅस्टिकचे आवरण घालण्यात आले व पायथ्याशी गाद्या बसविण्यात आल्या. भिंतीच्या खालच्या भागात १९३४ पासूनचा गुणफलक आहे. त्याच्या मागील अरुंद जागेत बसलेले कर्मचारी त्यावरील आकडे हाताने बदलतात. फलकावरील उभ्या पट्ट्यांवर दीर्घकाळ संघाचे मालक असलेले टॉमस ए. यॉकी व त्याची पत्नी जीन आर. यॉकी यांची आद्याक्षरे मॉर्स संकेतलिपीत रंगविलेली आहेत. २००३ मध्ये भिंतीच्या माथ्यावरील जाळी काढून तेथे सु. २७० प्रेक्षासने बसविण्यात आली.

या भिंतीमुळे खेळाचे गणितच बदलते. जो उंच फटका इतर मैदानांवर क्षेत्ररक्षकाच्या सहज हाती लागला असता, तो येथे भिंतीवरून पलीकडे जातो. उलट जो जोरदार पण सखल फटका इतरत्र होम रन ठरला असता, तो भिंतीवर आदळून परततो व फलंदाजास दुसऱ्या टप्प्यावर थांबावे लागते. भिंतीवरून चेंडू कोणत्या कोनात परतेल याचा अंदाज बांधणे, ही येथील डाव्या क्षेत्ररक्षकाची खास विद्या. कार्ल यास्ट्रेम्स्की (संघातील कारकीर्द १९६१–८३) हा तीत निष्णात मानला जाई. फलंदाजांपैकी उजव्या हाताने खेळणाऱ्यांना ही भिंत नेहमी खुणावते. जवळच्या भिंतीवर भिस्त ठेवून धिप्पाड व जोरकस फटके मारणारे फलंदाज जमवायचे आणि चपळाई, क्षेत्ररक्षण व चेंडूफेक यांकडे दुर्लक्ष करायचे, ही संघबांधणीतील चूक या मैदानामुळेच रेड सॉक्सकडून पुनःपुन्हा झाली, असे अनेक समीक्षकांचे मत आहे.

स्तंभ, लाल आसन व इतर खुणा : उजव्या सीमारेषेवरील खांबास जॉनी पेस्की या खेळाडूचे नाव २००६ मध्ये अधिकृत रीत्या देण्यात आले. पेस्कीची ख्याती दणदणीत फटक्यांबद्दल नव्हती. संपूर्ण कारकीर्दीत त्याने १७ होम रन काढले. मात्र त्यांपैकी काही या जवळच्या खांबालगत गेले, म्हणून सहकाऱ्यांनी थट्टेने खांबाला त्याचे नाव दिले. डाव्या खांबास कार्ल्टन फिस्क याचे नाव २००५ मध्ये देण्यात आले. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमधील सहाव्या सामन्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, बाराव्या डावात फिस्कचा फटका या खांबावर आदळला व रेड सॉक्सने सिनसिनॅटी रेड्सवर ७–६ असा विजय मिळविला. चेंडू रेषेच्या आत राहावा म्हणून धावता धावता दोन्ही हातांनी त्यास आत ढकलण्याच्या खुणा करणारा फिस्क दूरचित्रवाणीवर लक्षावधी प्रेक्षकांनी पाहिला. पुढील सामना व मालिका मात्र सिनसिनॅटीने जिंकली.

उजव्या बाजूच्या उघड्या प्रेक्षागारात हिरव्या आसनांच्या रांगांत एकच आसन लाल आहे. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्स याने मारलेला चेंडू सु. १५३ मी. अंतरावर येथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती टोपीवर पडला. मैदानाच्या इतिहासातील हा सर्वांत लांब नोंदविलेला होम रन असून ते आसन त्याची खूण म्हणून रंगविण्यात आले. विल्यम्स डाव्या हाताने खेळे. त्याच्या आगमनानंतर १९४० मध्ये राखीव चेंडूफेक्यांच्या सरावाची जागा उजव्या कुंपणाच्या आत आणण्यात आली व त्यामुळे कुंपण सु. ७ मी. जवळ आले. या भागाला ‘विल्यम्सबर्ग’ असे म्हणत. २८ सप्टेंबर १९६० रोजी याच मैदानावर कारकीर्दीतील शेवटच्या फलंदाजीत विल्यम्सने होम रन काढला. त्या प्रसंगावर जॉन अपडाइक याने लिहिलेला निबंध अमेरिकन क्रीडावाङ्‌मयात उत्कृष्ट गणला जातो.

इतिहास : पहिल्याच हंगामात रेड सॉक्सने न्यूयॉर्क जायंट्सचा पराभव करून वर्ल्ड सिरीज जिंकली. या मालिकेतील एक सामना अंधारामुळे बरोबरीत सोडावा लागल्याने ती आठ सामन्यांपर्यंत लांबली व निर्णायक सामना येथेच झाला. १९१४ मध्ये ‘बॉस्टन ब्रेव्ह्ज’ या शहरातील दुसऱ्या व्यावसायिक संघाने आपले वर्ल्ड सिरीजचे सामने फेनवे पार्कवर खेळून विजेतेपद मिळविले. उलट १९१५ व १९१६ मध्ये रेड सॉक्सने अधिक प्रेक्षक मावावेत म्हणून आपले अंतिम मालिकेचे सामने ब्रेव्ह्जच्या नव्या मैदानावर नेले व दोन्ही वेळा विजेतेपद पटकाविले. ११ सप्टेंबर १९१८ रोजी शिकागो कब्ज संघाला हरवून त्यांनी फेनवेवर पुन्हा विजेतेपद मिळविले. यानंतर ८६ वर्षे हा मान त्यांना लाभला नाही.

या काळातील संघाचा प्रमुख खेळाडू बेब रूथ याने ११ जुलै १९१४ रोजी येथेच चेंडूफेक्या म्हणून प्रमुख व्यावसायिक संघांच्या पातळीवर पदार्पण केले. संघाचा मालक हॅरी फ्रेझी याने डिसेंबर १९१९ मध्ये रूथला एक लक्ष डॉलरला न्यूयॉर्क यांकीजला विकले. या व्यवहारासोबत यांकीजचा मालक जेकब रूपर्ट याने फ्रेझीला तीन लक्ष डॉलरचे कर्ज देऊ केले व त्यासाठी खुद्द फेनवे पार्क तारण ठेवण्यात आले. आपल्या प्रमुख प्रतिस्पर्ध्याकडेच मैदान गहाण पडण्याचा हा प्रसंग क्रीडाजगतात विरळाच. पुढील दशकात संघाची अवनती झाली. ८ मे १९२६ रोजी डाव्या सीमारेषेलगतचे लाकडी प्रेक्षागार जळाले. मालकापाशी पैसा नसल्याने ते कित्येक वर्षे पुन्हा बांधले गेले नाही. रविवारच्या सामन्यांना परवानगी मिळाल्यावरही, मैदानाजवळ चर्च असल्यामुळे, १९२९ ते १९३२ पर्यंत संघाला रविवारी ब्रेव्ह्जच्या मैदानावर खेळावे लागे.

१९३३ मध्ये टॉमस यॉकी या धनिक तरुणाने संघ व मैदान विकत घेतले. महामंदीच्या काळात त्याने मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी हाती घेतली. ५ जानेवारी १९३४ रोजी चालू कामास पुन्हा मोठी आग लागली. तरीही १७ एप्रिल १९३४ रोजी नवे प्रेक्षागार तयार झाले. मैदानाचे पुढील काळातील स्वरूप मुख्यतः या पुनर्बांधणीचे आहे. २२ सप्टेंबर १९३५ रोजी यांकीजविरुद्धच्या जोडसामन्यांस ४७,६२७ प्रेक्षक उपस्थित होते. अग्निसुरक्षेचे नियम कडक झाल्याने पुढे इतकी गर्दी होऊ शकली नाही. १३ जून १९४७ रोजी येथे विजेच्या प्रकाशझोतात पहिला सामना झाला.

यॉकीच्या कारकीर्दीस वर्णभेदाची काळी किनार आहे. त्या वेळी प्रमुख व्यावसायिक संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना अलिखित बंदी होती. बॉस्टन नगर परिषदेचा सदस्य इझाडोर मचनिक याने रविवारच्या सामन्यांच्या परवान्यास विरोध करण्याचा इशारा दिल्यावर १६ एप्रिल १९४५ रोजी जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो व मार्व्हिन विल्यम्स या तिघांची फेनवे पार्कवर चाचणी घेण्यात आली. तिघांचा खेळ चांगला झाला. परंतु संघाने त्यांना पुढे कधी बोलाविले नाही. रॉबिन्सनने १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून पदार्पण करून ही बंदी मोडली व तो अमेरिकेच्या सामाजिक इतिहासातील एक थोर पुरुष ठरला. जेथ्रो १९५० मध्ये त्याच शहरातील ब्रेव्ह्ज संघात आला व आपल्या संघसमूहातील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला. रेड सॉक्सने मात्र २१ जुलै १९५९ रोजी पंप्सी ग्रीन यास खेळवीपर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूस संधी दिली नाही. प्रमुख संघांपैकी ही बंदी उठविणारा तो सर्वांत शेवटचा संघ होय. या धोरणाने नैतिक हानी तर झालीच, शिवाय त्या पिढीतील उत्तमोत्तम खेळाडूंना मुकल्याने संघाचे क्रीडाविषयक नुकसानही झाले. १९७७ मध्ये क्रीडागारासमोरील जर्सी स्ट्रीटच्या एका भागास यॉकीचे नाव देण्यात आले होते. नव्या मालकांच्या विनंतीवरून २०१८ मध्ये नगरशासनाने मूळ नाव पुन्हा दिले. यॉकी कुटुंबाच्या नावे चालणाऱ्या धर्मादाय संस्थेने त्यास विरोध केला होता. तिच्या मते त्याच्या दानशूरपणाची या निर्णयात दखल घेतली गेली नव्हती.

१९४६, १९६७, १९७५ व १९८६ या चारही वर्षी रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीज सातव्या सामन्यात गमावली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी यांकीजविरुद्धच्या एका निर्णायक सामन्यात बकी डेंट या सामान्य कुवतीच्या फलंदाजाचा उंच फटका डाव्या भिंतीवरून गेला व बॉस्टनचा ५–४ असा पराभव झाला. ज्या भिंतीचा घरच्या संघाला आधार वाटे, तिनेच त्याला दगा दिला, अशी भावना त्या वेळी व्यक्त झाली. २००४ मध्ये यांकीजविरुद्धच्या उपांत्य मालिकेत पहिले तीन सामने गमावल्यावर येथे झालेल्या चौथ्या सामन्यापासून संघाने ओळीने चार विजय मिळविले व पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. २००७, २०१३ व २०१८ मध्येही तो विजेता ठरला. यांपैकी २०१३ चे विजेतेपद ३० ऑक्टोबर रोजी फेनवेवर निश्चित झाले. घरच्या मैदानावर असे घडण्याची १९१८ नंतरची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी बॉस्टन मॅराथॉन शर्यतीच्या अंतिम रेषेजवळ बाँबस्फोट झाले होते. २० एप्रिल रोजी येथे झालेल्या पहिल्या सामन्याआधी मृतांना श्रद्धांजली वाहण्यात आली व डेव्हिड ऑर्टीझ या खेळाडूने नागरिकांना धीर देणारे छोटेखानी भाषण केले.

इतर उपयोग : बेसबॉलखेरीज अमेरिकन फुटबॉल, सॉकर, मुष्टियुद्ध इ. खेळांसाठी मैदानाचा वापर झाला आहे. ‘बॉस्टन पेट्रिअट्स’ हा व्यावसायिक फुटबॉल संघ १९६३ ते १९६८ पर्यंत येथे खेळे. १ जानेवारी २०१० रोजी मैदानावर बर्फाचा पृष्ठ तयार करून व्यावसायिक आइस हॉकीचा सामना घेण्यात आला. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते एमन डी व्हॅलेरा यांची २९ जून १९१९ रोजी येथे प्रचंड सभा झाली. बॉस्टनमध्ये आयरिश वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी ४ नोव्हेंबर १९४४ रोजी येथे निवडणूक प्रचाराचे भाषण केले. ते त्यांच्या अखेरच्या प्रचारभाषणांपैकी होय.

जतनाचा प्रश्न : १९६० नंतर अमेरिकेत बेसबॉल व फुटबॉल या दोन्ही खेळांस चालतील अशी वर्तुळाकार, प्रशस्त व एकाच साच्याची क्रीडागारे शहराबाहेर उभारण्यात आली. त्यांच्या तुलनेत फेनवे पार्क कालबाह्य वाटू लागले. छताला आधार देणाऱ्या पोलादी खांबांमागील प्रेक्षकांना खेळ नीट दिसत नाही. लाकडी आसने अरुंद असून उजव्या बाजूच्या अनेक आसनांचा रोख होम प्लेटकडे नसून मैदानाच्या मध्याकडे आहे. खेळाडूंच्या खोल्या, उपाहारगृहे व स्वच्छतागृहे अपुरी होती आणि तिकीटविक्रीच्या उत्पन्नास मर्यादा होती. या कारणांनी १९९९ मध्ये संघाच्या व्यवस्थापनाने शेजारीच नवे, अधिक मोठे क्रीडागार बांधण्याची योजना जाहीर केली. नव्या वास्तूत डाव्या भिंतीची प्रतिकृती उभारून जुन्या वास्तूचे काही अवशेष राखावयाचे, असा बेत होता. योजनेस सार्वजनिक पैसा लागणार होता व आसपासची जमीन संपादन करावी लागणार होती. जुन्या क्रीडागाराच्या चाहत्यांनी, परिसरातील रहिवाशांनी व वास्तुजतनाच्या पुरस्कर्त्यांनी तिला संघटित विरोध केला. वास्तूची डागडुजी व विस्तार शक्य आहे, हे त्यांनी आराखडे करून दाखविले.

२००२ मध्ये जॉन हेन्री, टॉम वर्नर व लॅरी लूकीनो यांच्या गटाने संघ विकत घेतला. बॉल्टिमोर येथे १९९२ मध्ये जुन्या धर्तीवर बांधलेल्या कॅम्डन यार्ड्‌स या क्रीडागाराच्या उभारणीत लूकीनो व वास्तुशिल्पज्ञ जॅनेट मेरी स्मिथ यांचा प्रमुख वाटा होता. स्मिथ हिच्या देखरेखीखाली फेनवे पार्कचे टप्प्याटप्प्याने नूतनीकरण करण्यात आले. भिंतीच्या माथ्यावरील आसने (२००३), उजव्या छपरावरील प्रेक्षागार (२००४), रुंद केलेले अंतर्मार्ग, जलरोधन, काँक्रीटची दुरुस्ती व मैदानातील पाण्याचा निचरा ही त्यांपैकी प्रमुख कामे होत. दरवर्षी हंगाम संपल्यावर काम हाती घ्यावयाचे व वसंतात ते थांबवावयाचे, ही पद्धत ठेवल्याने एकही हंगाम अन्यत्र खेळावा लागला नाही. २००५ मध्ये संघ कायमचा येथेच राहील असे जाहीर करण्यात आले. दहा वर्षांत या कामांवर सु. २८·५ कोटी डॉलर खर्च झाला. १५ मे २००३ ते १० एप्रिल २०१३ या काळात साखळी स्पर्धेतील ओळीने ७९४ सामन्यांची तिकिटे संपल्याची नोंद आहे. छोटे मैदान तोट्याचे असते, हा समज त्यामुळे खोटा ठरला. मात्र मर्यादित आसने व वाढती मागणी यांमुळे तिकिटांचे दर भडकले आणि पूर्वी सहज येणारा सामान्य प्रेक्षक दुरावला, अशी टीकाही झाली.

नूतनीकरणानंतर येथील आसनक्षमता रात्रीच्या सामन्यांसाठी सु. ३७,७०० व दिवसाच्या सामन्यांसाठी सु. ३७,३०० झाली. दिवसा मध्यभागातील काही आसने काळ्या कापडाने झाकून ठेवतात. समोरच्या प्रेक्षकांच्या पांढऱ्या कपड्यांमुळे फलंदाजास येणारा चेंडू दिसेनासा होऊ नये, हा त्यामागील हेतू. ७ मार्च २०१२ रोजी, शतसांवत्सरिक उत्सवाच्या सुमारास, फेनवे पार्कची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत नोंद करण्यात आली. क्रीडागारांच्या वास्तुशिल्पात त्याचे महत्त्व त्याच्या भव्यतेत नाही. शहराच्या रस्त्यांनी घालून दिलेल्या मर्यादेत वास्तू कशी घडते, त्या मर्यादेचा खेळावर कसा ठसा उमटतो आणि वापर न थांबविता जुन्या वास्तूचे जतन कसे करता येते, याचा वस्तुपाठ म्हणून ते अभ्यासनीय आहे. १९९२ नंतर अमेरिकेत बांधलेल्या अनेक नव्या क्रीडागारांत मुद्दाम वाकडी कुंपणे, उंच भिंती व विटांचे दर्शनी भाग योजण्यात आले. फेनवे पार्कमध्ये जे गरजेपोटी घडले, ते तेथे हेतुपूर्वक घडविण्यात आले.